माझे सोळा तुकडे

मित्रांनो, मी कांदा आहे. पण मला फोडणीत टाकाल तर पस्तावाल, मी विषारी आहे. स्नोड्रॉप नावाच्या फुलाचा हा कांदा. अंगणात बर्फ असला तरी मान वर काढायची, ही आमची जुनी खोड. आमच्या पांढऱ्या फुलावर हिरवा ठिपका असतो. माझा मात्र पिवळाधमक!

इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये हेस्टरबाईंच्या कोळशाच्या खोलीमागे मी आपोआप उगवलो. एकाचे दोन झालो, तेव्हा बाईंनी एक कांदा स्वतःकडे ठेवला आणि मला त्यांच्या मैत्रिणीला, मर्टलला दिलं. आम्हाला जपणाऱ्या लोकांची ही रीतच आहे. दुर्मीळ फूल जपायचं तर एक कांदा दुसऱ्याच्या बागेत ठेवायचा, म्हणजे आपला गेला तर तिकडून मागता येतो. भेट मिळालेला कांदा विकायचा नाही, हे कुणाला सांगावंही लागत नाही.

मर्टलने मला विकलं. फोटो काढून सरळ इंटरनेटवरच्या लिलावात! ऑब्री नावाच्या गृहस्थाने नऊशे पौंडांना मला घेतलं, काचघरात कुंडीत बसवलं आणि दाराला कुलूप लावलं. मला हवी थंडी, तर हा मला ऊब देतोय! दोन हिवाळे मी नुसती पानं काढली, फूल दाखवलं नाही. राग होता माझा, लपवत नाही.

त्यातच हेस्टरबाईंकडचा कांदा अळीने पोखरून खाल्ला. आता जगात माझ्या जातीचा मी एकटा उरलो. मर्टलकडून पत्ता काढून बाई जूनमध्ये ऑब्रीच्या काचघरात येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मी मातीत झोपलेलो असतो, पण कान उघडे असतात.

"विकत घेतलाय मी, चोरलेला नाही," ऑब्री म्हणाला.

"घेतलात हो! पण फुलला का?"

त्याने कुंडी उगाच फिरवून ठेवली.

"अहो, हा एकच उरलाय. उद्या कुजला तर कुंडीत काय पावती लावणार?" बाईंनी पिशवीतून सुरी काढली. "चिरूया. नीट चिरला तर तुकड्यातुकड्यातून नवा कांदा धरतो. अर्धे तुकडे तुमचे, अर्धे माझे."

"वेड लागलंय का बाई? मेला तर?"

"तर दोघं मिळून रडू. धरा सुरी, माझे हात थरथरतात."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओरडलो असतो, चिरा! कुलपात मरण्यापेक्षा सुरी बरी. ऑब्रीने पातं स्पिरिटने पुसलं आणि बुडाचा थोडा थोडा भाग प्रत्येकात येईल असे माझे सोळा तुकडे केले. भ्यालो, खोटं कशाला बोलू? पण मेलो नाही. सोळाही तुकड्यांत मीच होतो.

बाईंनी त्यांचे आठ उघड्यावर वाढवले. तीन वर्षांनी त्यातले सहा फुलले. ऑब्रीचे आठही काचघरात कुजले. फेब्रुवारीत तो मान खाली घालून बाईंकडे आला आणि त्याने पाकीट काढलं.

"ते आत ठेवा," बाई म्हणाल्या. "हा एक कांदा न्या. उघड्यावर लावा, आणि दोन झाले की एक कुणाला तरी द्या."

मित्रांनो, आवडतं ते कुलपात घालू नका. ते वाटा, आणि गार वाऱ्यात उभं राहू द्या. आम्ही नाजूक दिसतो, पण कुणाचे मिंधे नाही. नऊशे पौंड मोजणाऱ्याच्या बागेत मी फुललो, पण फुकट मिळालो तेव्हाच.