चुलीवरचा दिवा

नगरपालिकेनं पांझरेकाठच्या आमच्या वस्तीत घरटी एक दिवा द्यायचं ठरवलं तेव्हा पहिलं भांडण आमच्या घरात झालं. दिवा एकच, मग तो लावायचा कुठं? माझा नवरा छगन म्हणे, पुढच्या खोलीत. चार माणसं आली-गेली तर दिसलं पाहिजे. पण आमचे नगरसेवक पितांबरआबा हट्टाला पेटले होते. धुरात डोळे फोडून घेतात त्या बाया, म्हणून दिवा चुलीच्या वरच लागेल, नाहीतर लागणारच नाही, असं त्यांनी बजावलं. छगनचं तोंड एवढंसं झालं. मला मनातून फार बरं वाटलं.

चूल मात्र माझी नव्हतीच. तिथं सासूबाई बसायच्या. तानुबाई त्यांचं नाव, पण त्यांना सगळे अक्का म्हणत. मिठाची बरणी, पिठाचा डबा, फुंकणी, सगळं त्यांच्या जागी. मी डबा वीतभर सरकवला तरी घर डोक्यावर घेत. कडक बाई, असं आम्ही सगळेच म्हणायचो. दिवसा त्या फारशा बाहेर पडत नसत. ऊन टोचतं म्हणत.

दिवेलागणीला आमच्याकडे एक रीत होती. मी काडी ओढून रॉकेलची चिमणी पेटवली की अक्का सगळ्यांच्या आधी हात जोडायच्या आणि मग आम्ही. त्यांच्या आधी कुणी ‘शुभं करोति’ सुरू केलं तर त्या संध्याकाळी बोलणी ठरलेली.

वायरमन तारा ओढून गेला, त्या संध्याकाळी पितांबरआबा मुद्दाम थांबले. अक्का परातीत पीठ मळत होत्या. छगननं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

एवढा उजेड त्या खोलीनं कधी पाहिलाच नव्हता. भिंती काजळीनं काळ्याकुट्ट होत्या, आढ्यापासून जाळी लोंबत होती. मला लाजच वाटली. आम्ही सगळे अक्कांकडे वळलो, त्या हात जोडतील म्हणून.

अक्कांनी हात जोडले नाहीत. तोंड वर करून तशाच बसून राहिल्या.

"दिवा लावा ना रे आते," त्या म्हणाल्या. "कवयनी वाट दखी ऱ्हायनू मी."

दिवा डोक्यावर जळत होता, आणि त्या म्हणत होत्या, आता तरी लावा, केव्हाची वाट बघतेय. बल्बला ना काडीचा आवाज, ना रॉकेलचा वास. मी खाली वाकले. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधावर धरते तशी साय होती. रोज ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली, तिचे डोळे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिले.

छगन मटकन खाली बसला. कधीपासून दिसत नाही, आम्हाला सांगितलं का नाही, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. आपलं गुपित उघडं पडलंय हे अक्कांना तोवर समजलं होतं. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्या माझ्या बाजूला वळल्या.

"अंधारामा बठ्ठाच सारखा ऱ्हातस, बेबा. आते माले चुलीपाशीन उठाडशात का?" अंधारात सगळेच सारखे असतात, आता मला इथून उठवणार का, असं त्या मला विचारत होत्या.

सिव्हिलमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन होतं, मी स्वतः घेऊन जातो, असं पितांबरआबा सांगत होते. ते बोलणं कुणाच्या कानात शिरत नव्हतं. छगनला आईच्या चेहऱ्याकडे पाहवेना. तो उठला आणि त्यानं बटण बंद केलं.

अंधार झाला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. जरा वेळानं अक्कांनी पिठाचा गोळा घेतला. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, नेहमीसारखाच. तो आवाज मला सहन होईना. इतकी वर्षं तो ऐकत आम्ही निवांत जेवलो होतो.

मी चाचपडत भिंतीशी गेले आणि बटण पुन्हा दाबलं.

"अक्का चुलीपाशीच बसी," मी छगनला म्हटलं. "पन दिवा चालूच ऱ्हाई. आते आपले दोन्हीसले तरी दखावू द्या."