शिवकन्या हयात नाही

फौजेच्या दप्तरात शिवकन्या अजून जिवंत होती. खरं तर गोपाळला जन्म देऊन नवव्या दिवशी ती गेली, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. पण निवृत्त नायक सटवाजीच्या नोंदीत बायको म्हणून तिचंच नाव होतं, आणि पेन्शनच्या कागदावर त्या नावाशेजारी जो जोडीचा फोटो चिकटवला होता, त्यात डोक्यावर पदर घेऊन बसली होती तिची धाकटी बहीण दैवशाला. नाव थोरलीचं, तोंड धाकटीचं. इतका नीटनेटका घोळ करायला माणूस फौजीच पाहिजे.

घडलं ते साधंच होतं. अंगावरचं लेकरू कोण सांभाळणार, म्हणून वर्षाच्या आत दैवशालाला त्याच घरात दिली. गावाच्या लेखी बहिणीच्या जागी बहीण आली. सटवाजीने पलटणीत ना एकीचं मरण कळवलं, ना दुसरीचं लग्न. पुढे पेन्शनीसाठी जोडीचा फोटो मागितला, तेव्हा घरात होती तिला घेऊन तो परभणीच्या स्टुडिओत गेला. कुणी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

यंदा पेन्शन ऑनलाइन करताना बायकोचं आधार कार्ड जोडायला सांगितलं आणि सगळं उघडं पडलं. त्यातच उन्हाळ्यात सटवाजीच्या छातीत दुखू लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी दैवशालाला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, फार भरवसा धरू नका. तो गेला तर फौजेच्या लेखी ती त्याची कुणीच नव्हती.

परभणीला कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीस महारुद्रकडे तोडगा तयार होता.

"काकू, लय सोपं हाय. शिवकन्या उर्फ दैवशाला, दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र करू. लग्नात नाव बदलतंच की बायांचं. पंधरा मिन्टाचं काम." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आन गोपाळ बी कागदावर तुमच्याच पोटचा हुतो."

गोपाळ शेजारी बसून मान डोलवत होता. दैवशालाची कूस उजवली नव्हती, हे महारुद्रला ठाऊक होतं. तिला मोह झाला, खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. ज्याला दुधाच्या बोळ्यापासून वाढवलं, तो एका सहीत आपला होणार होता.

"आन मंग माझी बहीण कुटं जाती?" तिने विचारलं.

महारुद्रने पेन खाली ठेवलं.

"तिचा फोटो न्हाई. रेशनकार्डावर नाव चढायच्या आत गेली. साऱ्या दुनियेत तिचं नाव एकाच कागदावर हाय, आन तितं मी जाऊन बसू?"

"माय, तिला आता काय फरक पडतोय?" गोपाळ म्हणाला.

"तिला न्हाई पडत. मला पडतोय." ती पिशवी उचलून चालू लागली. गोपाळ मागे निघाला.

माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या बाबूंनी खरा रस्ता सांगितला: थोरलीच्या मृत्यूचा दाखला, धाकटीच्या लग्नाचा पुरावा आणि सटवाजीचा स्वतःच्या सहीचा अर्ज. दाखला कुठला? घरात गेलेल्या बाळंतिणीची नोंद करायला तेव्हा कोण गेलं होतं? ग्रामपंचायतीतून 'नोंद आढळत नाही' असा कागद घ्यायचा, साक्षीदार उभे करायचे, मग तहसीलचा हुकूम. दैवशालाने चार महिने भाकरी बांधून हेलपाटे घातले. बाळंतपणाला जवळ असलेली मावशी सगुणाबाई वालूरला होती. ऐंशीच्या घरातल्या त्या म्हातारीला रिक्षातून आणून तहसीलच्या साहेबांपुढे बसवली. तारीख विचारली तर म्हातारी म्हणाली, "पोळ्याचा दुसरा दिस. बैलाच्या शिंगाचा रंग वाळला न्हवता." साहेबांनी जुनं पंचांग मागवलं. हुकूम निघाला.

आता फक्त सटवाजीचा अर्ज राहिला, आणि गाडं तिथेच रुतलं. आज चष्मा सापडेना, उद्या अमावस्या, परवा हात थरथरतोय. पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी दैवशालाने त्याच्यापुढे कागद ठेवला आणि गळ्यातली चांदीची पुतळी पदराबाहेर काढली. दुजवराला दिलेली बाई त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाची घालते, ती. सणाला आधी तिला कुंकू, मग स्वतःला, असं तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

"ही कुणाच्या नावाची हाय?"

सटवाजी उशाखाली चष्मा चाचपू लागला.

"मी हिला रोज गळ्यात वागवायलेय. तुमाला एक ओळ लिव्हाया जड जायलीय?"

"अगं, तसं न्हाई." सटवाजीने दाराकडे बघून घेतलं. "मी सुट्टी घेतल्ती. बायको आजारी हाय म्हून. शिवकन्या जाऊन सा महिने झाल्ते तवा. तुज्यासंगं लगीन लावाया यायचं व्हतं, मंग काय लिव्हणार? पुन्ना गोपाळचं जावळ काढाया आलो, तवाबी त्येच लिवलं."

"म्हंजी मेलेल्या माणसाला तुमी दोनदा आजारी पाडलं?"

"टायफाइड," सटवाजी मान खाली घालून म्हणाला. "दोनी येळा."

दैवशाला हसली. आवरेना इतकी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"आता चौकशी लागली, तर पेन्शन जाईल. लबाड म्हंतील मला." मग तो म्हणाला, "आन खरं सांगू? तार आली तवा मी वर चौकीवर व्हतो. सायबाला सांगाया गेलो, पर तोंडातून निगंना. मी सांगस्तोवर पलटणीत ती जिती व्हती."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता. दैवशालाला त्याचा राग आला आणि कीवही आली; पण कागद तिने मागे घेतला नाही.

"लिवा. टायफाइडसकट समदं लिवा. जे हुईल ते दोगं बगू."

सटवाजीने लिहिलं. अर्ज घेताना बाबूंनी टायफाइडची ओळ दोनदा वाचली, आणि शिक्का मारला.

सात महिने उत्तर नाही. दैवशाला दर सोमवारी जाऊन बाबूंपुढे उभी राहायची. शेवटी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट आलं. सटवाजी बाजेवर उठून बसला. चौकशी नव्हती, कपात नव्हती. पुढे काळजी घ्यावी एवढी ताकीद होती. सोबत दुरुस्त नोंद होती. गोपाळ वाचू लागला.

"पहिली पत्नी, शिवकन्या. मयत. अपत्य एक, गोपाळ. दुसरी पत्नी, दैवशाला. अपत्य..." तो थांबला.

"वाच की."

"निरंक लिवलंय, माय." गोपाळचा चेहरा लाल झाला. "हे चुकीचं हाय. मी उद्याच अर्ज करतो."

महारुद्रच्या टेबलापासून तिला हे ठाऊक होतं, तरी लागायचं ते लागलंच. तिने गोपाळच्या पाठीवर हात ठेवला.

"बरुबर हाय ते, बाबा. माज्या बहिणीची ओळ पुन्ना वाच."

गोपाळने वाचली.