धाब्यावरची खारी

घरमालक आणि भाडेकरू यांचं भांडण कशावरूनही पेटतं, हे तुम्हाआम्हाला नवीन नाही. अमळनेरला अभिमन आबांच्या घरी ते पाळण्यात पडलेल्या थेंबावरून पेटलं.

घर धाब्याचं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी दर वर्षी त्यावर खाऱ्या मातीचा थर टाकला की पाणी आत येत नाही. खानदेशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खारी टाकायची कोणी? आबा म्हणत, "जो खाली राहतो, त्यानं." मागच्या खोल्यांत राहणारा रतिलाल, जिनिंगमधला कारकून, म्हणे, "ज्याचं घर, त्यानं." या हट्टापायी त्या वर्षी खारी पडलीच नाही. पाऊस मात्र त्यांचा निकाल लागेपर्यंत थांबणार होता थोडाच!

रतिलालची बायको प्रमिला तान्ही मुलगी घेऊन नुकतीच माहेराहून आली होती. पाळणा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवून ती थकली. शेवटी तिनं पाळण्यावर छत्री बांधली. "तुमचं भांडण हिला काय कळतंय?" ती नवऱ्याला म्हणाली.

रतिलाल तणतणत आबांच्या ओसरीवर गेला.

"आबा, घर गळतंय. मी आता नगरपालिकेत अर्ज करतो."

"खुशाल कर. त्याआधी खोल्या खाली कर. माझं धाबं आजवर कधी गळलं नाही. तूच काहीतरी उपद्व्याप केला असशील."

आतून प्रमिलानं हे ऐकलं. भर पावसात तान्ह्या लेकराला घेऊन जायचं कुठं?

शेजारच्या तानुअक्का आपल्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. आबांपेक्षा वयानं मोठ्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"अभिमन, वर जाईसन पाह्यं का कोनी?"

इतके दिवस तोंडं वाजत होती, पण शिडी काही कोणी लावली नव्हती.

पाऊस उघडताच अक्कांनी दोघांना वर चढवलं आणि स्वतः खालून शिडी धरली. वर जुनी खारी वाहून गेलेली, मातीला भेगा पडलेल्या. आणि रतिलालच्या टीव्हीच्या अँटेनाचा लोखंडी पाइप थेट धाब्यात रोवलेला. त्याच्या बुडाशी पाणी मुरत होतं.

"बघ, म्हटलं नव्हतं?" आबा म्हणाले. "पाइप तूच रोवलास."

"रोवला, आबा. पण पहारीनं खड्डा कोणी केला? रविवारी सगळ्यांच्या पुढं बसून टीव्ही बघायची घाई तुम्हालाच होती."

आबांना ते आठवलं. खरंच की! पहारसुद्धा त्यांचीच होती. इकडे रतिलाल पाइपाच्या बुडाशी वाकला. पाइप भिंतीला बांधता आला असता, हे त्याला आत्ता सुचत होतं.

"मंग?" खालून अक्का म्हणाल्या. "चूक तुनी बी शे, आन् यानी बी शे. आधी खारी आना, भांडन मंग करा."

आबा उतरून मागच्या खोलीत गेले. पाळण्यावरची छत्री त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"पोरी, चुकलं माझं," ते प्रमिलाला म्हणाले. "कुठं जायचं नाही तुम्ही."

दुसऱ्या दिवशी आबांनी गाढवांवरून खारी आणवली. रतिलालनं ती पसरली आणि पाइप उपटून भिंतीला बांधला. रविवारी आबा मांडीवर मुलगी घेऊन टीव्हीपुढं बसले. त्या दिवशीही पाऊस होता, पण वर बघायची कोणाला गरज पडली नाही.

मंडळी, घर एकाचं असतं आणि संसार दुसऱ्याचा, पण छप्पर दोघांचंच असतं. दुरुस्ती कोणाची, हे ठरवायचं असेल तर आधी दोघांनी मिळून वर जाऊन बघावं. निम्मी भांडणं शिडीवरच मिटतात.

पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता आबांनीच मागच्या दाराशी हाक मारली, "रतिलाल, शिडी धर. वर जाऊन येऊ."