मयूरीचा वेगळा पेला

मी स्टीलचा साधा पेला. दोन हजार सहा साली जयपूरच्या सोडाला भागातल्या दुकानातून द्वारकाबाईंनी मला उचललं, तेही एकट्यालाच. दुकानदार म्हणाला, "बहनजी, पूरा सेट लीजिए ना!" बाई म्हणाल्या, "एक ही चाहिए." आम्हा पेल्यांना घोळक्यात राहायची सवय हो!

घरी आल्यावर कारण कळलं. द्वारकाबाईंनी आपली किडनी लेकीला, मयूरीला दिली होती. ती किडनी टिकावी म्हणून सुरू केलेल्या गोळ्यांनी पोरीची पार दशा केली होती. चेहरा सुजलेला, गालांवर लव, हिरड्या फुगलेल्या. हात इतके थरथरत की पाणी पिताना मी तिच्या दातांवर आपटायचो. त्यात एका विषाणूनं गाठलं. त्याच्यावरच्या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी केल्या. डॉक्टरांनी बजावलं, "हिला आता साधी सर्दीही झेपणार नाही. हिची भांडी वेगळी ठेवा, उकळून घ्या."

म्हणून मला खिडकीशी वेगळी जागा मिळाली. शेजारणी यायच्या, मला बघायच्या आणि दारातूनच परतायच्या. रोग लागेल म्हणे! अहो, भीती मयूरीला होती, तुमच्या खोकल्याची! मैत्रिणीही येईनाशा झाल्या. दिवसभर ती माझ्याकडे बघत पडून राही. फार एकटी पडली होती पोर.

तिचे वडील शामराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, अकोल्याला गावी गेले होते. ते परतले आणि मला पाहून भडकलेच.

"हा गिलास इथं कायले ठेवला?"

"मयूरीचा आहे. डॉक्टरनं सांगितलं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर खिळ्याले टांगून राहे. आपणच धुवायची, आपणच टांगायची. माझ्या घरात माझ्या पोरीचा गिलास वेगळा राहणार नाही!"

त्यांनी मला उचलून सगळ्या पेल्यांत ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. पण प्रवासातून ते खोकला घेऊन आले होते, आणि त्या संध्याकाळी माझ्यातूनच पाणी प्यायले. रात्री मयूरीही माझ्यातूनच प्यायली.

मयूरी तापानं फणफणली. दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली, पण घरी आली ती निम्मी होऊन.

मग शामराव रोज सकाळी मला स्वतः उकळू लागले. तोंडाला रुमाल बांधायचे, मला तिच्या उशाशी ठेवायचे आणि मान खाली घालून निघून जायचे.

शेवटी मयूरीच म्हणाली, "बाबा, गिलास अलग ठेवा, चालेल मला. पण तुम्ही तर बोला ना माझ्याशी!"

शामराव उंबऱ्यावरच बसले आणि ढसाढसा रडले. मग बाजारात जाऊन आणखी एक पेला घेऊन आले. "हा माझा. आता माझाही वेगळा," द्वारकाबाईंना म्हणाले. तेव्हापासून ते उंबऱ्यावर बसून आणि मयूरी खाटेवर बसून, दोघं बरोबर चहा पितात.

कुणाच्या घरी असा वेगळा पेला दिसला, तर बाबांनो, परत फिरू नका. लांब बसा, तोंडाला रुमाल बांधा, पण बसा. मयूरीकडे अजून कुणी फिरकत नाही. सकाळी पातेल्यात मात्र आम्ही दोघं एकत्र उकळतो.