भद्रावतीची पावणेनऊची गाडी

मित्रांनो, सकाळी पावणेदहाच्या सुमारास चंद्रपूरच्या जटपुरा गेटाबाहेर उभे राहिलात, तर पडोलीच्या बाजूने एक पिवळी मिनीबस येताना दिसेल. तिचा पुढचा बंपर थोडा डावीकडे कललेला आहे आणि ब्रेक लावला की ती म्हाताऱ्या माणसासारखी एकदा खोकते. ती मीच. तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा मी वयाने मोठी आहे. आज सवारी उतरवून या झाडाखाली उभी आहे, संध्याकाळपर्यंत मला काम नाही, तेव्हा माझी हकिकत सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे काही आठवत नाही. ओल्या रंगाचा वास आणि पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा अंगभर उठलेला थरार, एवढेच. गोंडपिपरीच्या एका शाळेने मला विकत घेतले आणि जलालुद्दीन नावाचे चालक माझ्यावर नेमले गेले. शाळेतली पोरे मला फार आवडत. ती खिडकीतून हात बाहेर काढत, बाकांच्या पाठीवर कंपासच्या टोकाने नावे कोरत आणि खड्डा आला की मुद्दाम उंच उडत. जलालुद्दीन आरशातून बघत आणि ओरडत, "ए पोट्टेहो, हात आत घ्या! हात तुटला तर दुसरा नाई भेटत!"

पुढे शाळेने मोठी बस घेतली. मला विकायची वेळ आली तेव्हा जलालुद्दीन यांनीच मला घेतले आणि आपल्या गावी, भद्रावतीला आणले. तिथे मी लग्नाची वऱ्हाडे नेऊ लागले. जिवतीच्या चढावर माझे पाणी उकळले की वऱ्हाडी खाली उतरून नाचत. बँडवाले तर माझ्या टपावरच बसत. चालकामागच्या पहिल्या जागेवर नेहमी जलालुद्दीन यांच्या पत्नी असत. सगळी गल्ली त्यांना चाची म्हणे. निघण्याआधी त्या पदराने माझी समोरची काच पुसत आणि मगच आत चढत.

एका पावसाळ्यात चाची आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर जलालुद्दीनचाचांनी मला अंगणातल्या कडुनिंबाखाली लावले आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. लग्नासाठी कोणी विचारायला आले, तर ते म्हणत, "आता गाडी चालवाचं मन नाई होत, भाऊ."

मित्रांनो, तीन वर्षे मी तिथे उभी होते. टायरांतली हवा गेली. टपावर निंबोळ्यांचा थर साचला. शेजारची एक तपकिरी कोंबडी तुटलेल्या काचेतून आत येई आणि नेमकी चाचींच्या जागेवर अंडे घालून जाई. मला तिचा राग येत नसे. निदान कोणीतरी येऊन बसत होते. शेवटी एका रविवारी भंगारवाला आला. त्याने मला गोल फिरून पाहिले, पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि येत्या शुक्रवारी घेऊन जातो असे सांगितले. चाचांनी नुसती मान हलवली.

त्याच वेळी फाटकातून दिव्यानी आत आली.

दिव्यानी चाचांच्या शेजारची. वय बावीस. चंद्रपुरात गोल बाजाराजवळ कापडाच्या एका दुकानात ती कामाला लागली होती. रोज सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर स्कूटी चालवत ती वेळेवर शहरात पोचायची. पण खरी परीक्षा तिथून पुढे सुरू व्हायची. स्कूटी लावायची कुठे? दुकानासमोर लावली तर मालक म्हणे, गिऱ्हाईक कुठे उभे राहील? गल्लीत लावली तर घरवाले दार उघडून भांडत. रस्त्याच्या कडेला लावली तर वाहतूक पोलिसांचा ट्रक येऊन ती उचलून नेई. त्या महिन्यात दोनदा तसे झाले होते आणि दोन्ही वेळा तिला कामावर जायला उशीर झाला होता.

"चाचा, मालकानं सांगतलं," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "अजून एक बार दहाच्या नंतर आली तर येऊच नोको म्हणते."

"मंग एसटीच्या लाल गाडीनं जात जा ना, बेटा."

"त्या गाडीची वेळ अन् माह्या दुकानाची वेळ जुळत नाई. एक जाते लई आधी, दुसरी पोचवते साडेदहाले." ती माझ्याकडे बघत राहिली. "चाचा, हे चालते का?"

चाचा हसले. "हे? हे भंगारात चालली."

"मी एकटी नाई, चाचा. खैरुनदीदी दवाखान्यात जाते. चंचल फोटोच्या दुकानात जाते. आपल्याच मोहल्ल्यातले कितीक जण आपापली गाडी घेऊन तिकडेच जातात, अन् समदेच्या समदे जागा शोधत फिरतात. तुम्ही एकाच गाडीनं नेलं तर?"

"मी आता गाडी नाई चालवत, बेटा. तुले माहीत आहे काऊन."

दिव्यानी माझ्या दाराशी आली, आत डोकावली, कोंबडीला हुसकावले आणि आपल्या ओढणीने ती पहिली जागा पुसू लागली. बराच वेळ ती पुसत होती. चाचा अंगणात उभे राहून बघत होते. शेवटी ते भंगारवाल्याला म्हणाले, "भाऊ, शुक्रवारी नोको येऊ." आणि किल्ली आणायला घरात गेले.

आठ दिवस चाचा माझ्या पोटाखाली पाठीवर पडून होते. नवे टायर आले, काच बसली, आरटीओत नेऊन माझी तपासणी झाली, परवाना झाला. तेवढे दिवस दिव्यानी पहाटेच निघायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून माणसे गोळा करायची. सतरा जण तयार झाले. अठरावे गोपालभाऊ मात्र तयार झाले नाहीत.

गोपालभाऊ शहरातल्या एका कचेरीत मोठे बाबू होते आणि त्यांनी नुकतीच नवी पांढरी कार घेतली होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "या डब्यात बसून जाऊ मी? दिव्यानी, कार घेतली ते काय घरी झाकून ठेवाले?"

पहिला दिवस मी कधीच विसरणार नाही. बरोबर पावणेनऊला आम्ही निघालो. ताडाळीपर्यंत मी अशी धावले की चाचा स्वतःशीच गुणगुणू लागले. कोळशाच्या ट्रकांमागे थोडा वेळ गेला, तरी दहाला पंधरा मिनिटे कमी असताना जटपुरा गेट दिसले. मी थांबले. आणि माझे दार उघडेना! तीन वर्षांच्या गंजाने नेमका तोच दिवस निवडला होता. चाचांनी ओढले, दोघांनी ढकलले, दार हलेना.

"मागून!" दिव्यानी ओरडली.

मग माझे मागचे संकटकालीन दार उघडले आणि त्यातून एकेक जण खाली उड्या मारू लागला. कोणाचा डबा, कोणाची छत्री, खैरुनदीदीची एक चप्पल. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. एक भाजीवाली म्हणाली, "बाप्पा! कितीक भरले व माय याच्यात!" दिव्यानी शेवटची उडी मारून गेटातून पळत सुटली. संध्याकाळी ती परत आली ती हसतच. दुकानातले घड्याळ तिने दहाला दोन मिनिटे असताना पाहिले होते.

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. मी गेटाबाहेरच थांबते. आतल्या अरुंद रस्त्यांवर मला शिरावेच लागत नाही. सगळे उतरून पायी आपापल्या कामाला जातात. सतरा गाड्यांना जेवढी जागा लागली असती, तिथे एकट्या माझी चार चाके मावतात. येताजाता कोणी मोबाइलवर गाणी लावते, कोणी भाजी निवडते. चंचलचे लग्न तर माझ्यातच ठरले. तिची होणारी सासू तिसऱ्या बाकावर बसत असे.

गोपालभाऊ मात्र आपल्या कारनेच जात. रस्त्यात ते आम्हाला मागे टाकत आणि आम्ही गेटापाशी पोचलो की ते जागा शोधत तिथेच फिरताना दिसत. पुढे पुढे त्यांना कार इतकी लांब लावावी लागे की कारपासून कचेरीपर्यंत ते ऑटोने जात. सवाऱ्या हसत. मीही थोडी हसले, कबूल करते.

मग मे महिना आला. आमच्या चंद्रपूरचे ऊन तुम्हाला ठाऊक असेलच. माझा पत्रा असा तापे की टपावर पाणी पडले तर चर्र आवाज व्हावा. अशाच एका संध्याकाळी सहाला आम्ही परतीला निघालो. वरोरा नाक्याच्या पुढे गेलो आणि दिव्यानी एकदम उभी राहिली.

"चाचा, थांबवा! गोपालभाऊ होत ते!"

ते विजेच्या खांबाला टेकून बसले होते. बॅग डोक्यावर धरलेली. चेहरा लाल, पण अंगाला घाम नाही. कचेरी पाचला सुटली होती आणि सकाळी कार कुठल्या गल्लीत लावली हेच त्यांना आठवत नव्हते. तासभर ते उन्हात शोधत फिरले होते.

"माही गाडी इथीच होती," ते पुटपुटले. "इथीच तर होती."

खैरुनदीदी दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी एकदा गोपालभाऊंच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "ऊन लागलं. उचला. एक मिनिट नाई लावाचा."

चौघांनी त्यांना उचलून माझ्या मागच्या बाकावर झोपवले. सगळ्या खिडक्या उघडल्या. प्रत्येकाने आपल्या बाटलीतले पाणी दिले. खैरुनदीदींनी दुपट्टे भिजवून त्यांच्या मानेवर, काखेत ठेवले. गोपालभाऊंचे डोळे मिटू लागले. चाचांनी मला जागच्या जागी वळवले. पण समोर संध्याकाळची गर्दी होती. कार, कारच्या मागे कार, मध्ये दुचाक्या. बहुतेक कारमध्ये एकेकटा माणूस बसलेला. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. मित्रांनो, इतकी असहाय मी कडुनिंबाखालीही नव्हते.

"उतरा रे समदे!" दिव्यानी म्हणाली. "आपण रस्ता करू."

आणि खैरुनदीदी सोडून सगळे खाली उतरले. दुकानात काम करणारी, कचेरीत काम करणारी, दिवसभर उभे राहून दमलेली ती माणसे माझ्यापुढे धावू लागली. "भाऊ, जरा बाजूले! पेशंट आहे!" कोणी दुचाकी हाताने उचलून सरकवली, कोणी कारच्या काचेवर टकटक केली. त्यांच्यामागून मी हळूहळू पुढे सरकत होते. ओळखीचे नसलेले दोघेतिघेही खाली उतरून मदतीला लागले. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा माझे पाणी उकळत होते, पण मी बंद पडले नाही.

डॉक्टरांनी लगेच सलाईन लावली. दिवेलागणीला गोपालभाऊंनी डोळे उघडले आणि सगळ्यात आधी विचारले, "कार भेटली का?"

खैरुनदीदींनी कपाळावर हात मारला. आधी त्या हसल्या, मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितले, आणि बाहेरचेही हसत सुटले. चाचा मात्र माझ्या स्टिअरिंगवर डोके ठेवून बसले होते. नंतर ते हळूच म्हणाले, "शाब्बास." कोणाला म्हणाले ते त्यांनी सांगितले नाही, पण माझ्यात दुसरे कोणी नव्हते.

कार दुसऱ्या दिवशी सापडली. ती कचेरीच्या अगदी मागच्या गल्लीत होती आणि तिच्यावर कबुतरांनी बरेच काम केले होते.

आठवड्याने, सोमवारी सकाळी, थांब्यावर गोपालभाऊ उभे होते. हातात डबा, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला. नजर खाली. चाचांनी दार उघडले. गोपालभाऊ पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"जलालभाऊ, मी या गाडीले डबा म्हणलो होतो."

"मंग? डबाच तर होय," चाचा म्हणाले. "चढा लवकर. पावणेनऊ होऊन राह्यले."

आता गोपालभाऊ आमचे घड्याळ झाले आहेत. कोणी उशिरा आले की सगळ्यात आधी तेच रागावतात. त्यांची कार दर रविवारी त्यांच्या बायकोला आणि मुलींना फिरवून आणते. तिचाही मान राहिला. आणि त्यांच्या कचेरीतल्या पाच जणांनी दुर्गापूरकडून अशीच एक गाडी सुरू केली आहे. सकाळी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहते. अजून नवीन आहे, फार बडबडते.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. अंगणात, रस्त्याच्या कडेला, गंज खात उभ्या असलेल्या जुन्या गाडीला लगेच भंगार म्हणू नका. तिला तेलपाणी द्या, तिची तपासणी करा, तिच्यात अजून पुष्कळ रस्ता शिल्लक असतो. आणि मोठे होऊन कामाला जाल, तेव्हा आपल्याच वाटेने आणखी कोण जाते ते एकदा विचारून बघा. रोजच्या वाटेवरचा शेजारी नुसता दिसत असतो. एका बाकावर बसला की तो आपला होतो.

माझे वय झाले आहे. पुढच्या तपासणीत मी पास होईन की नाही, ठाऊक नाही. पण आज माझी चाके फिरतात. उद्या पावणेनऊला भद्रावतीच्या थांब्यावर या. गाडी भरलेली दिसली म्हणून मागे फिरू नका. हात दाखवा. आतले सगळे थोडे थोडे सरकतील.