डोळे मिटून बसा

“बाळाला मांडीवर घ्या आणि तुम्ही डोळे मिटून बसा,” तपासणीवाल्या ताई म्हणाल्या. पडद्यावर एका बाजूला काळे-पांढरे पट्टे येणार होते आणि बाळ तिकडे बघतं का, हे खालचा कॅमेरा टिपणार होता.

माझी लेक दोन महिने आधीच जन्मली. “हिची नजर ठरत नाही,” असं सासूबाई उठता-बसता म्हणायच्या. आत्ताही त्या मागच्या खुर्चीत ठाण मांडून होत्या. त्यांच्यासमोर पोरगी नापास व्हायला नको, म्हणून मी डोळे किलकिले ठेवले. पट्टे दिसले की मांडी हळूच तिकडे वळवायची.

“थांबा,” ताईंनी कॉम्प्युटरवरचा नजरेमागे फिरणारा ठिपका दाखवला. “हे बाळाचे डोळे नाहीत, वहिनी. कॅमेऱ्याने तुमचे पकडलेत. तुम्हाला छान दिसतं हो!”

“चला, आई तरी पास झाली,” सासूबाई फिसकन हसल्या. माझे कान तापले.

ताईंनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मी मांडी दगडासारखी ठेवली. माझ्या दंडाला टेकलेलं इवलंसं डोकं डावीकडे वळलं, थांबलं, मग उजवीकडे वळलं. मी काहीच केलं नव्हतं.

“जाड पट्टे बघतेय. बारीक अजून नाही, पण येईल,” ताई म्हणाल्या.

“बघतेय की गं माझी बाय!” सासूबाईंचा आवाज चिरकला.

त्या नुसत्या बोलत होत्या. लेकीला आंधळी धरून मीच बसले होते. ताई पट्टी सोडायला आल्या.

“राहू द्या जरा,” मी म्हणाले आणि लेकीला माझ्याकडे वळवून धरलं. आता ती माझ्याकडे बघणार होती, आणि मी तपासणार नव्हते.