टेबलावरचे तीन कप

उत्तरं फारच बरोबर आली होती, म्हणून सरांना संशय आला.

त्यांची विद्यार्थिनी बोलीभाषेतल्या स्पॅनिशवर प्रबंध लिहीत होती. मराठीचं 'हा' आणि 'तो' यांवर भागतं. स्पॅनिशचं व्याकरण तीन खण पाडतं: माझ्याजवळचा, तुझ्याजवळचा, दोघांपासून लांबचा. पण ते पुस्तकात. बोलताना माणसं हे खण सर्रास मोडतात. कुठे आणि कसे, तेच तिला शोधायचं होतं. टेबलावर तीन कप ठेवायचे, बोट न दाखवता एक मागायला लावायचा, आणि आपण काय तपासतोय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही.

रेकॉर्डिंगमध्ये एकही बाई चुकली नव्हती.

"कुठेतरी पाणी मुरतंय," सर म्हणाले. "तू पढवलंस त्यांना?"

"मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन?"

"पुढच्या वेळी मी येतो. प्रबंधाचं त्यानंतर बघू."

बोलणाऱ्या सगळ्या तिच्या सासूच्या मैत्रिणी, आणि बैठकही सासूच्याच घरी. सासू निवृत्त शिक्षिका, स्पॅनिश तिची मायबोली. तिने सरांना हसून खुर्ची दिली. ते हसू सरांना जरा जास्तच गोड वाटलं. पहिली मैत्रीण बिनचूक बोलून गेली. दुसरीला आणायला सासू स्वयंपाकघरात गेली ती लवकर येईना. पाण्याचं निमित्त करून सर उठले.

ओट्यावर तीन कप मांडलेले. सासू मैत्रिणीला स्पॅनिशमध्ये दटावत होती, "तिन्ही कपांना एकच शब्द काय? घरी बोलतेस तसं तिथे बोलू नकोस!"

सरांना स्पॅनिश येत होतं. "काय चाललंय?"

"उजळणी," सासू शांतपणे म्हणाली. "पोरीची परीक्षा आहे. आमच्या गावंढळ बोलण्यापायी नापास झाली तर?"

मागोमाग आलेली विद्यार्थिनी दारातच थबकली. "आई, मला ते गावंढळ बोलणंच हवं होतं!"

"मग आधी सांगायचंस ना!"

आधी सांगायचं नाही, हाच तर नियम होता.

"तुझ्यावर उगाच संशय घेतला," सर तिला म्हणाले. "पण रेकॉर्डिंग सगळं बाद. यंदा प्रबंध होत नाही."

ती ओट्यावरचे कप विसळू लागली.

"आता काय करायचं गं?" सासूने विचारलं.

"तुम्हाला ओळखत नाहीत अशा बायका शोधायच्या."

"या गल्लीत? एखादी सापडलीच तर माझी ओळख करून दे."